मावशी गोड बोलू लागल्या

नाडी बघायला तिने मावशींचं मनगट हातात घेतलं, तेव्हा मावशी म्हणाल्या, "थँक्यू हं बाळा. किती करतेस गं माझ्यासाठी!"

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची ती मुलगी मनगट तसंच धरून उभी राहिली. कालपर्यंत याच मावशींनी बायकांचा अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला होता. पोटाचं ऑपरेशन झालं आणि शुद्धीवर आल्या त्या भांडतच. उशी म्हणजे दगड, पंखा म्हणजे नुसती कुरकुर. सुई टोचायला आलेल्या तरुण डॉक्टरला तर त्यांनी, "आधी बाहुलीवर हात बसवून ये," म्हणून परत पाठवलं होतं. वॉर्डाने त्यांचं नाव तोफ ठेवलं होतं.

"पुलापलीकडची असणार, दुसरं काय!" ड्युटी बदलताना कुणीतरी म्हणालं होतं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. पुलापलीकडची माणसं तोंडाळ, हे या शहरात कुणाला शिकवावं लागत नव्हतं. त्यांना दुखतं थोडं आणि ओरडतात फार, हेही नाही.

मान तिनेही डोलावली होती. आणि ती स्वतः पुलापलीकडची होती. हॉस्टेलवर आल्या आल्या तिने इथलं वारं ओळखलं होतं. घर कुठे, असं कुणी विचारलं की "स्टेशनच्या बाजूला," एवढं सांगून ती मोकळी व्हायची. स्टेशनला बाजू दोन होत्या, त्यातली एक पुलापलीकडे, त्यामुळे ते अगदीच खोटं नव्हतं. आवाजही तिने आपणहून खाली आणला. घरी ती बोलायला लागली की शेजारच्या काकू भिंतीपलीकडून उत्तर द्यायच्या. इथे ती गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगायची आणि पेशंट कानामागे हात धरून "काय?" म्हणायचे. "पोरगी शांत आहे हो," असं इनचार्ज सिस्टर कौतुकाने सांगत. ते ऐकून तिला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचाच राग यायचा.

नाडी भरभर चालली होती. फार नाही, पण सकाळपेक्षा नक्कीच. तळहात ओलसर होता.

"मावशी, दुखतंय का?"

"छे गं. छान आहे सगळं. तुम्ही देवमाणसं आहात."

तिने नाडी पुन्हा मोजली. घरी आई कुणाशी तरी भांडत असली की सगळं सुरळीत चाललंय असं समजायचं. जिन्यावरून पडून पाय मोडला, तेव्हा मात्र आई गाडीवाल्याला, "सावकाश दादा, तुमचे उपकार झाले," असं पुन्हा पुन्हा म्हणत होती. आजोबांनी सुनेच्या हातच्या स्वयंपाकाला आयुष्यात एकदाच चांगलं म्हटलं, आणि त्या संध्याकाळी ते गेले. त्यांच्या गल्लीत भांडणाऱ्या माणसाची काळजी कुणी करत नसे. भांडणारा गोड बोलायला लागला की बायका हातातलं काम टाकून धावायच्या.

ती सिस्टरांच्या टेबलापाशी गेली. सिस्टर औषधांच्या ट्रेवर वाकल्या होत्या.

"सिस्टर, मावशी आज गोड बोलताहेत."

"चला, सुटलो एकदाचे!"

आजूबाजूच्या दोघीतिघी हसल्या.

"नाडी वाढलीय. हात गार लागतोय."

"ऑपरेशननंतर वाढते थोडी. बीपी कसंय?"

"ठीक आहे."

"मग तासाभराने परत बघ. डॉक्टर आत ऑपरेशनमध्ये आहेत. उगाच बोलावलं तर माझ्या अंगावर येतील."

सिस्टरांचं काही चुकत होतं असं नाही. सकाळपासून त्या पाय टेकून बसल्या नव्हत्या. ती मागे वळली. मावशी छताकडे बघत हळूच हसत होत्या. त्या खाटेवर आई असती तर, असं तिच्या मनात आलं मात्र, ती पुन्हा टेबलाशी गेली.

"सिस्टर, त्यांचं काहीतरी बिनसलंय."

"तुला गं काय माहीत?"

"मी पुलापलीकडची आहे, म्हणून माहीत!"

आवाज थेट घरचा निघाला. ट्रेमधल्या बाटल्या तेवढ्या वाजायच्या राहिल्या. वॉर्डातली सगळी डोकी वळली. आता थांबून उपयोग नव्हता.

"आमच्याकडे माणूस ओरडतोय तोवर त्याला काही झालेलं नसतं. आमची माणसं घाबरली की गोड होतात. तुम्ही डॉक्टरांना बोलवा. ओरडले तर मी ऐकून घेईन."

सिस्टरांनी ट्रे बाजूला सारला. मग त्या खाटेपाशी गेल्या आणि मावशींच्या पोटावर त्यांनी तळहात ठेवला.

"किती मऊ हात आहे हो तुमचा," मावशी पुटपुटल्या.

सिस्टरांचा चेहरा बदलला. पोट फळीसारखं कडक लागत होतं. त्यांनी धावतच फोन गाठला.

आत रक्त साचत होतं. मावशींना पुन्हा ऑपरेशनला नेलं. पुष्कळ वेळाने डॉक्टर बाहेर आले आणि वेळेवर कळलं म्हणून निभावलं, एवढंच बोलले. तेव्हा तिच्या जिवात जीव आला. ती चादरींच्या खोलीत जाऊन मनसोक्त रडली.

मावशी वॉर्डात परतल्या आणि बऱ्या होत गेल्या, तसा त्यांच्या तोंडाचा पट्टाही पूर्ववत सुरू झाला. एका दुपारी त्यांचं बँडेज बदलताना तिने विचारलं, "मावशी, तुम्ही पुलापलीकडे नक्की कुठल्या गल्लीत राहता?"

"मी? आणि पुलापलीकडे?" मावशी उखडल्या. "कुणी सांगितलं तुला? या हॉस्पिटलच्या पाठीमागे राहते मी. जन्म गेला इथे."

"मग तुमचं बोलणं इतकं..."

"तोंडाळ? ते माझं स्वतःचं आहे. कुणाकडून आणलेलं नाही."

तिचे हात थांबले. म्हणजे नुसत्या आवाजावरून तिनेही मावशींना उचलून पुलापलीकडे नेऊन ठेवलं होतं. वर "आमची माणसं" म्हणून छातीठोकपणे सांगूनही टाकलं होतं.

"मग त्या दिवशी एवढ्या गोड का बोलत होतात?"

"घाबरले होते गं," मावशी पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाल्या. "आत काहीतरी होत होतं. एकटी बाई मी. म्हटलं, हीच माणसं आता आपली, यांना दुखवायला नको. घाबरल्यावर कोण भांडतंय?"

शेजारच्या खाटेचं सलाईन बदलणाऱ्या सिस्टरांचा हात क्षणभर थांबला. त्यांनी मान वळवून आधी मावशींकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे, जरा जास्तच वेळ.

"आल्यापासून तू आमच्याशी गोडच बोलतेस," त्या म्हणाल्या.

ती बँडेजची पट्टी उगाच सारखी करत राहिली.

"पुढच्या महिन्यात पुन्हा सगळ्या रविवारची ड्युटी मी तुलाच लावलीय," सिस्टर म्हणाल्या. "दर वेळी तू चालेल म्हणतेस. खरंच चालतं?"

तिने पट्टी खाली ठेवली.

"नाही चालत!"

शेवटच्या खाटेवरच्या आजी दचकून उठून बसल्या.