बाथरूममधली थाप

हॉटेलच्या काउंटरवरचा कारकून सकाळी नुसता उभा राहिला तरी पाहुणे विचारायचे, रात्री झोप झाली नाही का? डोळ्यांखालच्या पिशव्या त्याला वडिलांकडून आल्या होत्या. पण मालक एकदा सगळ्यांदेखत म्हणाले की तुमच्याकडे बघून लोकांना जांभया येतात, आणि ते त्याच्या जिव्हारी लागलं. त्याने गुपचूप ऑपरेशन करून त्या पिशव्या काढून घेतल्या. कामावर मात्र बाथरूममध्ये घसरून तोंडावर आपटलो, असं ठोकून दिलं.

आता तो उशांच्या ढिगाला टेकून पडला होता. तोंड काळंनिळं, टाके ओढत होते, डोळ्यांतून सारखं पाणी. बायको थंड पट्ट्या बदलायची, पण घुश्शातच. ऑपरेशनचं तिला काही नव्हतं, थाप तिला आवडली नव्हती.

सुट्टीच्या दिवशी दारात हॉटेलचा प्लंबर उभा. हातात ड्रिल, काखेत स्टीलचा दांडा. बाथरूमच्या भिंतीला धरायला दांडा बसवून देतो म्हणाला. त्याचे वडील असेच घसरले होते, ते पुन्हा अंथरुणातून उठलेच नाहीत. आई तेव्हापासून धसका घेऊन आहे. हॉटेलातले दादा उठून बसले का, म्हणून रोज विचारते.

कारकुनाने शरमेनं मान खाली घालावी, तर डॉक्टरांनी वाकायलाही बंदी केलेली. एक स्क्रू घरंगळत त्याच्या पायाशी आला, तोसुद्धा बायकोलाच उचलावा लागला. तो प्लंबरच्या हातावर ठेवून ती नवऱ्याकडे वळली.

"सांगताय, की मी सांगू?"

"मी पडलो नव्हतो," तो म्हणाला. "डोळ्यांखालच्या पिशव्या काढून घेतल्या. छान दिसावं म्हणून."

प्लंबर त्या सुजलेल्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने उरलेले स्क्रू आवळले, दांडा ओढून पाहिला, फरशी पुसली. चहा नको म्हणाला आणि गेला. त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं कारकुनाला वाटलं.

टाके निघाले, सूज ओसरली, गालावर पिवळट झाक तेवढी राहिली. कामावर गेल्यावर सगळे हळहळायला जमले. प्लंबरने कुणाला काही सांगितलं नव्हतं. कारकुनाने मन घट्ट करून खरं ते सांगून टाकलं. काही जण तोंड फिरवून हसले. मालक आत निघून गेले.

संध्याकाळी तो प्लंबरला म्हणाला, "तुझ्या आईलाही सांगायचंय."

"या," प्लंबर म्हणाला. "पण ते नका सांगू. वडील गेल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी पडून बरं झालंय तिच्या लेखी."

म्हातारीने त्याला खिडकीशी उजेडात बसवलं आणि त्याच्या डोळ्यांखालून हलकेच बोट फिरवलं.

"फार लागलं होतं का रे बाळा?"

"नाही आई," तो म्हणाला. त्याला तिच्याकडे बघवेना.