डाव बदललाय, मोजा द्या

मी बेसबॉलच्या कॅचरचा, म्हणजे चेंडू झेलणाऱ्याचा, हातमोजा बोलतोय. काचेच्या पेटीतून बोलतोय म्हणून आवाज दबका येईल, पण राग दबका समजू नका.

राजधानीतल्या एका बेसबॉल क्लबच्या दिवाणखान्यात मला ठेवलंय. अंगावर दिवा सोडलाय, समोर कुलूप. खाली पितळी पाटी : 'हासिंतोकडून क्लबला प्रेमपूर्वक भेट.' भेट! कुणी दिली भेट? मी स्वतः तिथे हजर होतो, मला विचारा की! धडधडीत खोटं पितळेवर कोरलं की ते खरं होतं, असा या लोकांचा समज आहे.

माझा जन्म उसाच्या मळ्यातल्या वस्तीतला. साखर कारखान्याच्या मुकादमाने जीप घेतली आणि घोड्याचं जुनं खोगीर उकिरड्यावर टाकलं. वस्तीत खोगिरं शिवणारे फर्मीन उस्ताद होते, त्यांनी ते उचललं. जीपने त्यांचा धंदा बुडवला होता, पण हात काही स्वस्थ बसेनात. त्यांनी बैठकीचं कातडं कापलं, आत घोड्याचे केस ठासून भरले, दाभणाने शिवलं आणि वरून नारळाचं तेल चोळलं. इतकी वर्षं मुकादमाचं बूड सोसलं होतं, त्यापेक्षा चेंडूचे फटके परवडले.

मी कुणा एकाचा नव्हतो. सबंध वस्तीत कॅचरचा मोजा एकच, आणि रविवारी खेळणारे संघ दोन. म्हणून रीत अशी होती की डाव बदलला की कॅचरने मला होम प्लेटमागे, झेलणाऱ्याच्या जागी, धुळीत पालथं ठेवायचं आणि बॅट धरायला जायचं. मग समोरच्या संघाच्या कॅचरने यायचं आणि मला उचलायचं. पालथं अशासाठी, की पोटात माती जाऊ नये. दोन्ही संघांचा घाम माझ्यात मुरला आणि त्यावरून कधी भांडण झालं नाही. खेळ संपला की ओब्दुलिया मावशीच्या दुकानात, खारवलेल्या माशांच्या शेजारी, मी खिळ्यावर लटकायचो.

एका संघाचा कॅचर हासिंतो, दुसऱ्याचा निकानोर. खेळताना एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे आणि संध्याकाळी त्याच दुकानासमोर एका टेबलावर डॉमिनोच्या सोंगट्या आपटत बसायचे.

एकदा राजधानीहून एक माणूस खेळाडू हेरायला आला. त्याने हासिंतोचे खांदे चाचपले, गुडघे वाकवून पाहिले, दातसुद्धा पाहिले. कारखान्यात गाडीचे बैल घेताना असंच पाहतात. मला तेव्हाच त्याची चीड आली होती. पण हासिंतोला क्लबने घेतलं म्हणून वस्ती आनंदाने नाचत होती, माझं कोण ऐकणार?

निघताना हासिंतो मला खिळ्यावरून काढायला आला आणि थबकला.

"घेऊन जा की," निकानोर म्हणाला.

"आणि तू कशाने झेलणार? थोबाडाने?"

"पोत्याची घडी बांधीन. मला कुठे राजधानीला जायचंय? पण ऐक रे ढेरपोट्या, तुझे गुडघे संपले की मोजा इथे परत. डाव बदलला की पाळी माझी."

"आईची शपथ."

"आईची नको, ती चांगली बाई आहे. स्वतःची घे."

हासिंतोने स्वतःची शपथ घेतली.

राजधानीतला पहिलाच सामना. गच्च भरलेलं मैदान, ढोल, कर्णे. पहिला डाव संपला आणि आमच्या हासिंतोने काय करावं? सवयीने मला प्लेटमागे पालथं ठेवलं आणि निघाला! समोरच्या संघाचा कॅचर आला, त्याने मला बुटाच्या टोकाने ढकललं. "हे काय रे, मेलेलं मांजर टाकलंस?"

सगळं मैदान खदाखदा हसलं. "उसवाला आला रे, उसवाला!"

"अरे येड्या," प्रशिक्षक ओरडला, "मोजा म्हणजे काय तुमच्या वस्तीचा सार्वजनिक नळ आहे? इथे ज्याचा त्याचा!"

हासिंतो मान खाली घालून परत आला आणि त्याने मला उचललं. ते हसणं मी विसरलेलो नाही. वाटून घेणाऱ्याला येडा म्हणणाऱ्यांच्या गावात आपण आलोय, एवढं मात्र कळून चुकलं.

मग हंगामामागून हंगाम गेले. क्लबने नवे कोरे मोजे दिले, ते त्याने कपाटात ठेवून दिले. सामन्याला मीच. चेंडू माझ्या पोटात बसला की लोक चेंडू फेकणाऱ्या पिचरच्या नावाने टाळ्या पिटायचे. निसटला की "कॅचर आंधळा आहे!" पिचरला खांद्यावर घेऊन मिरवायचे, तेव्हा हा बाकावर बसून सुजलेला अंगठा बर्फात बुडवायचा. त्याची बोटं कितीदा मोडली ते मला माहीत आहे, कारण ती माझ्या आतच मोडली. गुडघा धरला की डॉक्टर यायचा, सुई टोचायचा आणि म्हणायचा, "झालास घोडा!" घोडाच केला त्यांनी त्याचा. घोड्याला निदान चारा घालतात आणि रात्री खोगीर उतरवतात.

शेवटी एका सकाळी त्याला उठताच येईना. संचालक साहेबांनी त्याला गार खोलीत बोलावलं, कॉफी पाजली. "हासिंतो, आपण सगळे एक कुटुंब आहोत," ते म्हणाले आणि त्याच वाक्याच्या शेवटी त्याला घरी बसवलं. मग माझ्याकडे पाहिलं. "हा मोजा एक दिवस ठेवून जा. फोटो काढतो, उद्या ने."

तो उद्या अजून उजाडायचाय.

हासिंतो मला न्यायला कितीदा तरी आला. साहेब मीटिंगमध्ये. साहेब जेवायला गेलेत. साहेब परदेशी. एकदा तो तिकीट काढून आत आला आणि काचेपाशी हळूच म्हणाला, "निकानोर बोलत नाही माझ्याशी. त्याला वाटतं, मी तुला विकून खाल्लं. डॉमिनोला माझ्या समोरची खुर्ची रिकामी ठेवतो." अहो, ज्याने पोत्याची घडी बांधून इतकी वर्षं वाट पाहिली, त्याला वाटणारच! आणि मी इथे मुका. या पाटीवर थुंकावंसं वाटलं, पण कातड्याला थुंकता येत नाही.

मग क्लबचा वर्धापनदिन आला. पहिला चेंडू कुणी मंत्री फेकणार आणि म्हातारा हासिंतो तो झेलणार, असा बेत ठरला. शोभेसाठी मला पेटीतून काढलं. हासिंतोने ओब्दुलिया मावशीकरवी निकानोरला निरोप धाडला होता, "त्या अडेलतट्टूला म्हणावं, एकदा ये आणि डोळ्यांनी बघ." निकानोर आला होता. प्लेटच्या अगदी मागे, कठड्यापाशी हाताची घडी घालून बसला होता.

हासिंतो कण्हत उकिडवा बसला. मंत्र्याचा चेंडू भलतीकडे आला, तरी आम्ही झेलला. किती वर्षांनी माझ्यात हात होता!

टाळ्या झाल्या. संचालक हसत हात पुढे करून आले. "आण इकडे. जपून हं."

हासिंतो वाकला. त्याने मला प्लेटमागे धुळीत पालथं ठेवलं आणि कठड्याकडे वळून ओरडला, "निकानोर! डाव बदललाय!"

निकानोरने कठड्यावरून तंगडी टाकली. म्हातारा धडपडला, उठला, आला. वाकून हात लांब केला, त्याची सावली माझ्यावर पडली आणि तेवढ्यात पहारेकऱ्यांनी त्याच्या बगलेत हात घातले. संचालकांनी मला स्वतः उचललं आणि रुमालाने झटकलं. या वेळी मैदान हसलं नाही. साहेब जाईपर्यंत लोक शिट्ट्या मारत त्यांची हुर्यो उडवत होते.

मी पुन्हा काचेत. पाटीही तीच.

पण आता रविवारी दोघं येतात. खांद्याला खांदा लावून काचेसमोर उभे राहतात आणि संचालकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. पहारेकरी म्हणतो, "आजोबा, काचेला हात लावू नका."

"तुझी काच घाल चुलीत," निकानोर म्हणतो. "मोजा दे. पाळी माझी आहे."

मला प्रेमपूर्वक काही नको. दिवा नको, पितळ नको. ज्याने ठेवायचं त्याने मला नीट पालथं ठेवलं, सगळ्यांच्या देखत. ज्याने उचलायचं तो बाहेर उभा आहे आणि त्याचेही गुडघे आता फार दिवस टिकणारे नाहीत. कुलपाची किल्ली कुणाकडे आहे ते सगळ्यांना माहीत आहे. आणा ती.