लेकीच्या घरातली खोली

व्हिसा कचेरीतून फोन येणार होता, पण कधी ते सांगत नाहीत. म्हणून मी घराबाहेर पाऊल टाकत नव्हतो. कळंब्याच्या बाजारातली भाजीसुद्धा शेजारचा ज्ञानू आणून द्यायचा.

आमची लेक सोनम तेव्हा इंग्लंडात. पहिलंच बाळंतपण, रक्तदाब वाढलेला, डॉक्टरांनी विमानाला मनाई केलेली. म्हणजे आईनंच जायला हवं. त्यासाठी पाहुणीला राहायला जागा आहे, हे जावयाला सिद्ध करावं लागलं. अतुल पक्का माणूस. घरमालकाचं पत्र, खोल्यांचा नकाशा, पलंगाचा फोटो, सगळं धाडलं.

उरली माझी बायको, तानूबाई. तिच्याकडून मी रोज घोकून घ्यायचो.

"कुठं झोपणार?"

"सोनमच्या घरात."

"आगं, घरात कुठं?"

"आवं, गेल्यावर बघू की!"

"मला येगळी खोली हाय, एवढंच म्हन!" माझं डोकं फिरायचं.

फोन आला तेव्हा ती भाकरी थापत होती. पिठाच्या हातानंच रिसीव्हर उचलून "जय भीम" म्हणाली. मी कान लावून उभा. पलीकडं एक बाई, मराठी अगदी शुद्ध.

"मुलीकडे आपली झोपण्याची सोय काय आहे?"

मी हातवारे करून दमलो.

"माझं काय बाई, कुठंबी पडीन. सैपाकघरात पथारी टाकीन."

"पण कागदांत आपल्यासाठी वेगळी खोली दाखवली आहे."

"ती ऱ्हाऊ दे की त्यांची त्यांस्नी. मला म्हातारीला कशाला खोली?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

नकार आला. राहण्याच्या सोयीबद्दल खात्री पटली नाही म्हणे. मी घर डोक्यावर घेतलं. तानूबाई डिंकाचे लाडू पिशवीतनं परत डब्यात भरत राहिली. मला तिचा राग येत होता आणि तिच्याकडं बघवतही नव्हतं.

सोनमला मुलगी झाली. दवाखान्यातनंच तिनं फोन केला.

"आई, खोली रंगवून घेतली हुती गं तुझ्यासाठी. माझी खोली हाय, एवढंच म्हनायचं हुतंस."

"लेकीच्या घरात कुठल्या तोंडानं म्हनू? आजवर कुठल्याच घरात म्हटलं न्हाय मी."

सोनम म्हणाली, "पुन्हा अर्ज करूया. आत्ता म्हन. मी ऐकतीया."

तानूबाईनं दोनदा तोंड उघडलं.

"पोरीला टोपडं घाल," ती म्हणाली. "गार असंल तिकडं."