लाल-पांढरे ठोकळे

मी सुतार आहे. माझ्या हाताखालून गेलेलं दार कधी कुरकुरत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझी अक्कल कुठेच दिसणार नाही. निदान हात तरी दिसू दे.

आमची चिमणी अकरा वर्षांची. बोलायला लागली की वकिलाची बोलती बंद करेल. पण चार वर्षांची असताना ताप मेंदूत गेला, आणि तेव्हापासून काहीतरी निसटलंय. फळ्यावरचं वहीत उतरवताना ओळी एकमेकींवर चढतात. शर्ट उलटा घातलाय हे कळत नाही. शाळेत बाथरूमला गेली की वर्गात परत येताना रोज वाट चुकते. बाई म्हणायच्या, आळशी आहे. शेवटी मुख्याध्यापकांनी सांगितलं, मेंदूच्या कामाची तपासणी करून आणा. कुठे अडतं ते कागदावर आलं, तर परीक्षेला जास्त वेळ देऊ, वर्गात मदतनीस देऊ. शाळेचं वर्ष संपायच्या आत कागद आला नाही, तर तिला दुसरी शाळा बघा.

तपासणीचा नंबर लागायला सात महिने गेले. आता तपासणी म्हटलं की माझ्या डोक्यात परीक्षाच. आणि पोरगी नापास व्हावी असं कुठल्या बापाला वाटेल? आमच्या कारखान्यातल्या रंगाऱ्याच्या भाचीची तशी तपासणी झाली होती. ती म्हणाली, लाल-पांढरे ठोकळे देतात आणि चित्रातल्यासारखी नक्षी जुळवायला लावतात. झालं. मी नऊ ठोकळे कापले, घासून गुळगुळीत केले. प्रत्येकाच्या दोन बाजू लाल, दोन पांढऱ्या, दोन तिरक्या अर्ध्या-अर्ध्या. भाचीला आठवल्या तेवढ्या नक्ष्या कागदावर काढून घेतल्या.

"अहो, तिथे विचारून तरी घ्या," बायको म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं?" मी खेकसलो. मला कळत होतं जसं काही!

रोज संध्याकाळी आम्ही बसायचो. पहिला आठवडा नुसती रडारड. मग तिनेच युक्ती काढली. नक्षीचं गाणंच करून टाकलं. "लाल वर, पांढरा शेजारी, तिरका खाली, नाक भिंतीकडे." महिन्याभरात सगळ्या नक्ष्या तोंडपाठ. मी तिला बजावून ठेवलं, घरी केलंय हे तिथे सांगायचं नाही, आणि गाणं मनातल्या मनात म्हणायचं.

तपासणीच्या दिवशी मी बाहेर बाकावर होतो. दाराला काचेची पट्टी होती. पेन्सिलीने आकृती काढताना पोरगी घामाघूम झालेली दिसली. मग ठोकळे आले आणि तिचे हात असे चालायला लागले की माझी छाती फुगली.

तीन तासांनी तपासणीच्या मॅडमनी मला आत बोलावलं. समोर कागद पसरले होते.

"एक कोडं पडलंय," त्या म्हणाल्या. "आकृती काढताना ती फार अडते. पण ठोकळ्यांत तिच्या वयाच्या मुलांच्याही पुढे आहे. हे दोन्ही एकत्र बसत नाही." मग चिमणीकडे वळून हळूच विचारलं, "बाळा, असे ठोकळे आधी कधी पाहिले होतेस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "नाही," म्हणाली.

आजवर ही पोरगी माझ्यासमोर कधी खोटं बोलली नव्हती. मला बसल्या जागी लाज वाटली.

"मीच बनवले," मी म्हणालो. "महिनाभर घोकून घेतलं तिच्याकडून."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "तिचं नेमकं कुठे अडतं, ते दाखवणारा हाच मोठा भाग होता," त्या म्हणाल्या. "आता तो धरता येत नाही. तो सोडून उरलेल्यावर मला ठाम लिहिता येणार नाही. आणि पुन्हा घ्यायचा तर वर्षभर थांबावं लागतं, विसरायला."

"मी लिहून देतो ना! माझी चूक आहे, तिची नाही. तिला खरंच काही येत नाही हो, मॅडम!"

पोरगी शेजारीच बसली होती. ते माझ्या लक्षात आलं तेव्हा शब्द तोंडातून निघून गेले होते.

"मला कळतंय," मॅडम म्हणाल्या. "शाळेला मुदत वाढवून मागते. पण ते ऐकतील असं मी सांगू शकत नाही."

बाहेर आलो. तिने बूट उलट्या पायांत घातले होते. मी खाली बसून सरळ केले. मान वर करायची हिंमत होईना.

"बाबा, माझं एकही चुकलं नाही."

"हो गं."

"मग ते का नाही धरायचं?"

मी नाडीची गाठ मारली, सोडली, परत मारली. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिचं सगळं बरोबर आलं होतं. ते तसं यायला नको होतं, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?

"आता विसरायचं का मी ते गाणं?" तिने विचारलं.

"प्रयत्न कर," मी म्हणालो.

तिने शहाण्यासारखी मान हलवली आणि निघाली, जिन्याच्या उलट्या बाजूला.