भिकाबाईची फ्रेम

देविदासनं पत्र्याच्या डब्याचं गंजलेलं झाकण चमच्याच्या दांड्यानं उचकटलं, तेव्हा त्यातून आपल्याला काय मिळणार हे त्यानं आधीच ठरवून ठेवलं होतं. एक, नव्या स्लॅबच्या घरात दारासमोरच्या भिंतीवर याडीचा दीड हात उंच रंगीत फोटो लागणार. दोन, वास्तूच्या जेवणाला येणारा मेहुणा फुलसिंग तो मान वर करून बघणार, कारण फुलसिंगच्या बैठकीतला त्याच्या बापाचा फोटो जेमतेम हातभर होता. तिसरं काही देविदासला सुचलं नव्हतं. पण दोन फायद्यांसाठीसुद्धा माणूस अख्खी दुपार धूळ खातो.

याडी म्हणजे त्याची आई, भिकाबाई. तो सव्वा वर्षाचा असताना ती गेली आणि तांड्याच्या रिवाजानं तिची धाकटी बहीण चंदाबाई लग्न होऊन त्याच घरात आली. तिला तो मासी म्हणे. वाढवलं मासीनं, पण याडी हा शब्द भिंतीवरच्या फोटोसाठी राखून ठेवलेला होता. दहावीच्या पेपरला जाताना, हळद घेऊन वसमतला निघताना तो फोटोसमोर उभा राहून "याडी, येतो" म्हणायचा. मासी मागं त्याची भाकर फडक्यात बांधत असायची.

गेल्या पावसाळ्यात, म्हणजे दोन हजार पाच साली, पत्रे गळले आणि तो फोटो काचेला चिकटला. नाकाखाली नुसता पांढरा चट्टा उरला. म्हणून आता मूळचा, तळहाताएवढा फोटो हवा होता. मासी आठवडाभर सांगत होती, डबा सापडत न्हाई. आज शिलानं, देविदासच्या बायकोनं, तो गोधड्यांच्या तळातून काढला.

"उंदरानं तर न्हाई ठेवला तिथं," शिला म्हणाली.

"मीच ठेवला असंल. ध्यानात ऱ्हात न्हाई गं आता," सुपातली तूर निवडत मासी म्हणाली.

तांड्यातल्या प्रत्येक म्हशीचं वेत जिला वारानिशी पाठ होतं, तिनं हे म्हणावं आणि इतरांनी ऐकून घ्यावं, असं चाललं होतं.

बाहेर हळद शिजत होती. कढईची वाफ दारातून आत येऊन उन्हाच्या पट्ट्यात घोटाळत होती, आणि त्या पिवळट धुक्यात एकेक फोटो वर येत होता. देविदासचा बाप वसराम, खांद्यावर कोयता, मागं उसाचा फड; त्याला जाऊन चार वर्षं झाली होती, पण फोटोत तो आत्ता हाक मारील असा उभा. होळीच्या नाचाचा फोटो: फ्लॅश बायांच्या कपड्यांवरच्या आरशांवर पडलेला, त्यामुळं बाया दिसतच नव्हत्या, अंधारात नुसत्या चांदण्या गोल धरून उभ्या. देविदास एकेक फोटो उन्हात धरायचा आणि खाली ठेवायला विसरायचा.

"मासी, तुमचं तोंड एका बी फोटोत न्हाई," शिला म्हणाली. "सगळीकडं आपला घुंगट. फोटोवाल्याचं काय चोरलं व्हतं का तुमी?"

"सासरा ऱ्हायचा ना समोर."

"ह्या फोटोत कुठं हाय सासरा? बैल हाय नुसता."

"तो बी घरातला मोठाच व्हता."

शिला हसत हसत कढईकडं बघायला बाहेर गेली. देविदासच्या हाताला तळाशी एक जुन्या लुगड्याची चिंधी लागली. त्यानं ती उलगडली.

नरसीच्या जत्रेतला फोटो. मागं पडद्यावर रंगवलेलं तळं, तळ्यात हंस. पुढं सतरा-अठराची पोरगी, डोक्यावर घुंगट नाही, हसू ओठांत कसंबसं कोंडलेलं. भिंतीवरचाच चेहरा. फरक इतकाच की हिच्या हनुवटीवर गोंदण होतं. मोठ्या फोटोत ते कधी नव्हतंच. फोटोवाल्यानं डाग समजून पुसलं असणार, असं सगळे धरून चालले होते.

तीन टिपके. दोन एका रांगेत, तिसरा घसरून डावीकडं खाली गेलेला.

या टिपक्यांची गोष्ट तांड्यात सगळ्यांना माहीत होती. दोघी बहिणी एका साच्यातल्या, पण गोंदायला बसवल्यावर भिका दगडासारखी बसली आणि तिचे टिपके रेघेत आले. चंदाला गुदगुल्या झाल्या, ती हसली आणि सुई सरकली. त्या पळालेल्या टिपक्यावर बोट ठेवल्याशिवाय लहानपणी देविदासला झोप येत नसे.

त्यानं मान वर केली. सुपातले हात थांबले होते.

"भिका जत्रेला आली न्हवती," मासी सुपाकडंच बघत म्हणाली. "सातवा लागला व्हता तिला. तुझाच."

"मग तिचा फोटो?"

"काढलाच न्हाई कुणी." तिनं तुरीतला एक खडा बाजूला टाकला. "तू लई रडायचास रे. याडी कशी व्हती म्हणून. तोंडानं किती सांगावं."

शिला पदराला हात पुसत आत आली. "गावला का?"

देविदासचा अंगठा फोटोतल्या हनुवटीवर होता. "गावला."

दुसऱ्या दिवशी हिंगोलीत फोटोवाल्या सोमेश्वरच्या कॉम्प्युटरवर तो चेहरा खिडकीएवढा झाला. सोमेश्वरनं गालांवर रंग चढवला, ओढणी लाल केली, हंस काढून टाकले.

"देविदासभाऊ, हनुवटीवरचं काय करू? ठेवू का उडवू?"

देविदासनं खुर्ची पडद्याजवळ ओढली. पुसलं तर भिंतीवर ना भिका ना चंदा, कुणीच उरत नव्हतं. आहे तसं ठेवलं तर ती उघड चंदा ठरत होती आणि याडीला चेहराच उरत नव्हता.

"तो खालचा टिपका सरकतो का?"

"सरकतो की. कुठं?"

"वर. दोघांच्या रांगेत."

माउस हलला. तिसरा टिपका हळूच वर गेला आणि रेघेत बसला.

संध्याकाळी फ्रेम भिंतीवर चढली. चंदाबाई समोर येऊन उभी राहिली. तिनं बोट पुढं केलं आणि काचेवरून तिन्ही टिपक्यांवर एकदा फिरवलं.

"व्हय," ती म्हणाली. "अशीच व्हती भिका."

"बस तू," देविदास म्हणाला, आणि पुढचा शब्द त्याच्या तोंडातून निघायला वेळ लागला. "बस, मासी."

एकंदरीत भिकाबाईला एकतीस वर्षांनी तिचं स्वतःचं गोंदण मिळालं आणि देविदासला एक भिंतभर याडी. त्या याडीची किंमत आजवर चंदाबाई एकटी, आपलं तोंड झाकून, मोजत आली होती. त्या संध्याकाळपासून दोघं मोजू लागले.