दोन लाद्या बर्फ

वीज कालपासून गायब होती आणि आमच्या दवाखान्यातल्या फ्रिजचा काटा सातवर आला होता. आठ अंशांच्या वर गेला की लस वाया. उद्या दीडशे बाळांना टोचायचं होतं. पुढची लस महिन्याने येणार, आणि घटसर्प शेजारच्या वस्तीत येऊन ठेपलेला.

हवा तापतेय म्हणून मोठ्या देशांत परिषदा भरतात. आमच्याकडे ट्रान्सफॉर्मर जळतो. तीन उन्हाळ्यांत तिसऱ्यांदा. छतावर सौर पॅनेल मंजूर आहे, पण कागदावर.

मी बर्फाच्या कारखान्यात फोन केला. मालकाला सगळे थंडोबा म्हणतात.

"दोनच लाद्या उरल्यात, सिस्टर. त्याही मासळीवाल्या बायकांच्या."

मी फोन ठेवला आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

अर्ध्या तासाने थंडोबा स्वतः हातगाडी ढकलत दारात. गोणपाटात दोन्ही लाद्या. लस मी फ्रिजमधून जाड थंड डब्यात हलवली होती. आल्या आल्या बर्फ फोडून तो थेट त्या डब्यात ओतायला निघाला.

"थांबा!" मी ओरडले. "गोठली तरी वाया जाते!"

"उन्हानेही बिघडते, थंडीनेही बिघडते? ही लस आहे की माझी सासू?"

दिवसभरात पहिल्यांदा मला हसू आलं. आम्ही बर्फ पिशव्यांत भरला, पिशव्यांना घाम सुटेपर्यंत थांबलो, मग मध्ये पुठ्ठे घालून डब्यात रचल्या. थंडोबा डब्याच्या थर्मामीटरसमोर ठाण मांडून बसला आणि "पाच... सहा... पाच" असं ओरडत राहिला. संध्याकाळी पाच वाजता वीज आली, तेव्हा काटा सहावर होता.

"मासळीवाल्यांना काय सांगितलंत?" मी विचारलं.

"खरं तेच. त्या म्हणाल्या, मासे उद्याही मिळतील, बर्फ घेऊन जा."

त्यांचा माल दुपारीच पडेल त्या भावाला गेला होता. मला कुणाचे आभार मानायची सवय नाही, सगळ्यांना ओरडायचीच आहे. त्या दिवशी मात्र मी थंडोबाला हात जोडले. तो कावराबावरा झाला आणि रिकामं गोणपाट उगाचच घडी करत बसला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बाळांनी टाहो फोडला. रांगेत त्यांतल्याच एका मासळीवालीची नातही होती. तिने तर छप्पर डोक्यावर घेतलं. थंडोबा पायरीवर उभा राहून ऐकत होता.

"केवढी रडतायत हो!"

"रडू द्या," मासळीवाली डोळे पुसत म्हणाली. "दीडशेच्या दीडशे रडू द्या."