घसरगुंडी झालेली ताडपत्री

मी ताडपत्री बोलतेय. मूळची सुताचीच. वर मेण चढवलं, कडेला पितळी कड्या ठोकल्या आणि हिवरखेडच्या अन्सारभाईंच्या मेटाडोरवर माझा संसार सुरू झाला. कापूस भरला की ते मला वरून आवळायचे आणि आम्ही अकोल्याला निघायचो. माझ्याखालचा कापूस कधी भिजला नाही.

मग लागोपाठ नापिकीची वर्षं आली. फेऱ्या थांबल्या. मी गोठ्यात पडून राहिले, उंदरांनी कुरतडलं. पारावर माणसं बसत, पण बोलत नसत. गावातलं हसूच आटलं होतं.

एके दिवशी बालवाडीच्या पंचफुलाताई आल्या. बाया निंदणाला गेल्या की त्यांची लेकरं एका अंधाऱ्या खोलीत रडत बसायची. ताईंनी ठरवलं होतं, पोरं रोज बाहेर न्यायची. ऊन असो, थंडी असो, पाऊस असो.

“भाऊ, हे फाटकी ताडपत्री मले द्या. पोट्ट्यांच्या डोक्यावर बांधाले पायजे.”

“न्या बाजी. अन् संगं आमची पोरगी अरीबा बी न्या,” ताईंना मोठ्या बहिणीसारखं ‘बाजी’ म्हणत अन्सारभाई म्हणाले.

नाल्याकाठी उत्तमरावांचं पडीक वावर होतं. तिथे चार बांबूंवर मी उभी राहिले. लेकरं चिखलाची धरणं बांधत, बेडकांमागे धावत, थंडीत उन्हाच्या तुकड्यात एकमेकांना चिकटून बसत. उन्हाळ्यात सकाळीच येत आणि जांभळीवर चढत. माझ्याखाली भिजलेलं, हुंदडणारं काहीतरी जिवंत आहे, हे मला नवीनच होतं.

एकटी अरीबा खेळत नसे. चार वर्षांची ती पोर पायातली चप्पल न काढता बांबूला मिठी मारून उभी राही. तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता, त्यांच्या गोठ्यात पडून होते तेव्हाही नाही.

आषाढात गावभर तापाची साथ आली. दोन लेकरं आजारी पडली आणि खापर ताईंवर फुटलं. “काहून वं, पोट्टे पावसात भिजवून राहिली?” बाया विचारू लागल्या. पाचसहाच लेकरं उरली. शेवटी उत्तमराव स्वतः आले.

“ताई, उद्यापासून माह्या वावरात हे नको. कोणाले काही झालं तर माह्यावर येईन.”

“ताप त घरातल्या पोट्ट्यांलेही आला न भाऊ,” ताई म्हणाल्या.

उत्तमरावांनी माझा दोर सोडायला हात घातला, तोच वारं सुटलं. पाऊस आडवा आला. एक बांबू उन्मळला आणि मी पतंगासारखी वर उडाले. आता नाल्यात जाणार, असं वाटलं.

“धरा! सोडू नका!”

अरीबा ओरडत होती. चप्पल फेकून ती चिखलातून धावली आणि माझ्या कडेला लोंबकळली. मग सगळी लेकरं धावली. कोणी घसरलं, कोणी आपटलं, पण सोडलं कोणीच नाही. एक कोपरा मोकळा फडफडत होता. तो उत्तमरावांनी धरला.

“जोरानं धरा, आजोबा!” अरीबाने हुकूम सोडला.

“धरलं वं माय, धरलं!” नखशिखांत चिखलात माखलेले उत्तमराव हसू लागले. पावसामुळे वावरातून परतणाऱ्या बाया बांधावर थबकल्या. त्यांच्यात अरीबाची आई शहाजादी होती. “या अल्ला, माही पोरगी बोलून राहिली!” म्हणत तिने पदर खोचला आणि तीही येऊन माझी कड धरून उभी राहिली. मग बाकीच्या आल्या. इतके हात मला जन्मात लागले नव्हते.

“उद्या नवा दोर आणतो,” जाताना उत्तमराव ताईंना एवढंच म्हणाले.

आठवडाभरात सगळी लेकरं परत आली. शेजारच्या वस्तीतलीही येऊ लागली.

आज माझं मेण उडालंय, कड्या गळून गेल्यात. छपराचं काम नव्या ताडपत्रीला मिळालं. ताईंनी मला नाल्याच्या उतारावर अंथरलं आहे. भुरभुर पाऊस पडला की मी अशी निसरडी होते की विचारू नका! लेकरं बसतात, सुसाट खाली जातात, चिखलात धप्पकन पडतात आणि पुन्हा वर पळत येतात.

तेव्हा मला एवढ्यात गुंडाळू नका. रांगेत अजून दोघं उभी आहेत.